खारपाणपट्ट्यातली फौज

दसरा झाला की आमच्याकडे हवेत कापूस येतो. अगदी खरोखर येतो. बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकतात, एसटीच्या खिडकीतून आत शिरतात, चहाच्या कपात उतरतात. दुपारचं ऊन अजून टोचत असतं, पण पहाटे पायाशी ढकललेली गोधडी शोधावी लागते. पूर्वी याच दिवसांत फौजा बाहेर पडत. पावसाळाभर काळ्या मातीत गाडा चालत नसे, तोफ तर नसेच नसे. चिखल वाळला, नद्या उतरल्या, रानात घोड्यांपुरतं गवत झालं की मग सीमा ओलांडायची. आपण आता आपट्याची पानं वाटून मोकळे होतो. माझी मात्र दरवर्षी याच सुमाराला एखादी लढाई निघते. यंदाची जरा मोठी निघाली, म्हणून लिहायला बसले.

मी जळगाव जामोदला राहते आणि संगणकावरचे युद्धाचे खेळ बनवते. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करते. हे सांगितलं की गावात दोनच प्रश्न येतात. पहिला, "म्हंजे दिवसभर गेम खेळून राह्यली का?" आणि दुसरा, "लग्नाचं काय?" दोन्हींना माझं एकच उत्तर असतं, "सुरू हाय."

या खेळांत बंदूक घेऊन पळायचं नसतं. वरून, घारीला दिसावा तसा अख्खा मुलूख दिसतो. खेळणाऱ्याने एक बाजू निवडायची, फौज उभारायची, दाणागोटा जमवायचा आणि इतरांना पुरून उरायचं. या बाजूला आम्ही फॅक्शन म्हणतो आणि प्रत्येक फॅक्शनचा स्वभाव ठरवणं हे माझं काम. कुणाच्या तोफा जबर पण हलायला जड, कुणाचे घोडे चपळ पण तटबंदीपुढे हतबल. सगळ्यांना सगळं दिलं तर खेळ सपक होतो, एकालाच फार दिलं तर दुसरा खेळायला बसत नाही. परदेशी खेळांत आपल्या अख्ख्या देशाला मिळून एक बाजू मिळते आणि तिला हत्ती मिळतात. कोकण असो की पंजाब, हत्तीच! आमच्या तालुक्यात मी तरी हत्ती पाहिला तो सर्कशीतला.

आमच्या कंपनीचा खेळ दख्खनवरचा, म्हणून मी आनंदाने रुजू झाले. नकाशा उघडला तर वऱ्हाड ही बाजूच नव्हती. तो नुसता पिवळा रंगवलेला सुभा होता. जो जिंकेल त्याचं उत्पन्न दर फेरीला वाढायचं. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हणही कुणीतरी हौसेने खाली लिहून ठेवली होती. म्हणजे आम्ही कोण, तर दुसऱ्यांच्या लढाईतलं बक्षीस. माझं डोकं फिरलं. पहिल्याच ऑनलाइन बैठकीत म्हटलं, वऱ्हाडला बाजू करा. समीर आमचा प्रमुख, भला माणूस, मुद्द्याचं तेवढंच विचारतो. त्याने विचारलं, "करू. पण यांचं हत्यार कोणतं?"

"पाणी," मी म्हणाले.

पडद्यावरच्या चौकटींपैकी एकीत कुणीतरी हसलं. हसू पाण्याचं होतं की माझ्या बोलीचं, मला कळलं नाही. बोलता बोलता माझं 'मले' निसटून गेलं होतं.

ते उत्तर माझ्या हुशारीचं नव्हतंच. मला ते एका वेचणीच्या हंगामात मिळालं होतं, मी अकरावीत असताना.

त्या वर्षी कापूस घरात भरला होता. बाबा शाळेत कारकून, शेत सहा एकर. भाव चढेल या आशेने त्यांनी पुढची खोली जमिनीपासून छतापर्यंत कापसाने भरली. त्याच खोलीत माझा जुना कॉम्प्युटर होता. तो कुठे न्यायचा? मग कापसातच एक खबदाड करून मी बसायचे. पाठीला कापूस, कोपराला कापूस, आणि समोर पडद्यावर घोडदळ. कापसाच्या घरात राहिलेल्याला ठाऊक असतं, अंगाला काय खाज सुटते! दर आठवड्याला कॉम्प्युटरचा डब्बा उघडून आतल्या पंख्याला गुंडाळलेला कापूस मी वातीसारखा ओढून काढायचे. आई तो कापूस देवापुढे लावायची. वीज ठरलेल्या तासांनाच यायची, म्हणून माझ्या स्वाऱ्याही ठरलेल्या तासांतच उरकाव्या लागत. दुपारी दोनला वीज गेली की दिल्लीपर्यंत पोहोचलेली फौज जागीच काळी व्हायची.

त्याच दसऱ्याला मामा फौजेतून निवृत्त होऊन आला. आईचा धाकटा भाऊ, गाव वडनेर भोलजी, पूर्णेपलीकडचं. आमच्या वेचणीला माणसं कमी पडत होती, म्हणून पहिल्याच आठवड्यात एसटीने आला आणि महिनाभर राहिला. उंच, हाडकुळा, मिशी बेताची. फौजी म्हटल्यावर गावाची जी अपेक्षा असते, ती त्याने पहिल्याच संध्याकाळी मोडली. चहाच्या टपरीवर लोक वाट बघत बसले होते.

"किती मारले, फौजी?"

"मी पाण्याच्या टँकरवर होतो," मामा म्हणाला.

झालं. त्या दिवसापासून त्याचं नाव टँकर पडलं. नळाला पाणी आलं नाही की पोरं ओरडायची, "टँकर, निंघा ना बे!" वीस वर्षं वाळवंटात आणि बर्फात गाडी चालवलेला माणूस, आणि गावाने चिडवून चिडवून त्याला नगरपालिकेचा टँकरवाला करून टाकलं. आईसुद्धा पाहुण्यांना सांगताना आवाज खाली आणायची, "भाऊ फौजेत होता माझा. डायवर होता." शेवटचं वाक्य ती पदरात पुटपुटायची. मला आईचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर मामाचाही. वाटायचं, थाप तरी मार. एखादी गोळी तरी खा. मामा मात्र ओटीत कापूस वेचत निमूट ओळीने पुढे सरकत राहायचा.

दुपारी जेवण झालं की तो माझ्या खबदाडात येऊन कापसाला टेकायचा आणि खेळ बघायचा. चौथ्या दिवशी माझी चाळीस हजारांची फौज तापीवरून पूर्णेवर येऊन ठाण मांडून बसली होती. मी वेढ्याची तयारी करत होते.

"हे लोक पाणी कवा पेतात वं?" मामाने विचारलं.

"गेम हाय मामा."

"हाव, पण घोडे हायत ना? घोड्याले लागते ना पाणी. अन् तू बसवली कुठं हे जनता? पूर्णेच्या काठी? इथल्या इहिरीचं पाणी पेली का तू कधी?"

मी प्यायले नव्हते. कुणीच पीत नाही. आमच्या तालुक्याचं हे गमतीचं दुखणं आहे. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी गोड, आणि तिथून खाली पूर्णेकडे उतरावं तसं ते खारट होत जातं. याला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळीभोर, कपाशी छातीला लागते, आणि विहिरीत डोकावलं तर पाणी निळं, नितळ, मोहात पाडणारं. प्या म्हणजे कळेल. पूर ओसरला की पूर्णेचं पाणीही तसलंच. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि परका माणूस चार दिवस प्याला की पोट धरून बसतो. म्हणून आमच्याकडे पाहुण्यापुढे तांब्या ठेवताना आपोआप तोंडून निघतं, "गोडं हाय." मुलगी द्यायची तर घर-शेत नंतर, आधी पाणी विचारतात. आणि अनोळखी विहिरीवर कोणीही आधी ओंजळभर घेऊन चूळ भरतो, थुंकतो, मग ठरवतो. हे कुणी शिकवत नाही. पोरांना चालायला कुठे कोण शिकवतं?

त्या खेळातले आकडे एका साध्या फायलीत लिहिलेले असत, ती उघडून बदलता येत. मी चार दिवस खटपट करून पाण्याचा नियम घातला आणि पुन्हा तीच फौज त्याच काठावर आणली. तिसऱ्या फेरीला घोडे गेले, पाचव्या फेरीला माणसं बसली. शत्रूने एक बाण सोडला नव्हता. मामा इतका हसला की कापसाचा ढीग खाली आला आणि आम्ही दोघं त्यात गाडले गेलो. त्या अख्ख्या हंगामात मी त्याला तेवढंच एकदा हसताना पाहिलं.

पुढे कॉलेजात मी लढायांची पुस्तकं वाचली. स्वार किती, प्यादे किती, तोफा किती, कोण कोणत्या अंगाला उभा होता, सगळं असतं. आमच्याच जिल्ह्यात, घाटावर साखरखेर्ड्याजवळ, दोन मोठ्या फौजा भिडल्या होत्या. ते वाचताना मला एवढंच वाटत राहिलं की त्या सकाळी पाणी कुणी आणलं असेल? बैलांवर धान्य लादून फौजांमागे फिरणारे लमाणांचे तांडे, रेड्याच्या पाठीवर चामड्याची पखाल टाकून पाणी वाहणारे पखाली, यांच्यावाचून एकही सरदार चार कोस गेला नसता. पुस्तकात त्यांचा उल्लेख आला तर तोही 'बाजारबुणगे' म्हणून. वा रे न्याय! जेवायला घालणारा बुणगा आणि खाऊन मरणारा वीर.

तर यंदा मी वऱ्हाडची बाजू बांधली. घोडदळ बेताचं, तोफा नावाला. खरं बळ एकच: कोणती विहीर गोड हे फक्त या बाजूला ठाऊक. आणि सगळ्यात मोलाचा गडी पखाली. हाल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, पाठीवर पखाल, संथ चाल, आणि हल्ल्याची ताकद शून्य. तो जिथे जाईल तिथली फौज टिकेल. मामाचं नाव मी कुठे लिहिलं नाही. त्याची चाल मात्र लिहिली. खांदा किंचित डावीकडे कललेला, मान खाली.

मग खेळ तपासणाऱ्यांकडे गेला आणि दोन दिवसांत तक्रारींची यादी भरली. खेळातल्या चुकीला ते बग म्हणतात. 'विहिरीजवळ थांबलं की सैन्य आजारी पडतं. बग आहे.' 'पाण्याचं चित्र दिसतं पण पाणी पिता येत नाही. बग.' 'पूर्णेच्या काठावर कारण नसताना सैनिक मरतात.' मी कपाळावर हात मारला. विहीर खारी असू शकते ही सूचना मी पडद्यावर लिहिलीच नव्हती. लिहायचं सुचलंही नव्हतं. न विचारता विहिरीचं पाणी पिणारा माणूस जगात असतो, हे खारपाणपट्ट्यात वाढलेल्या बाईला कसं सुचावं?

चूक माझी होती, मी कबूल केली. सूचना लिहायला अर्धा तास लागला असता. पण तोवर समीरचं ठरलं होतं. शुक्रवारी त्याने शांतपणे सांगितलं, "विहिरी गोड कर. आणि पखाली काढ. खेळ संथ होतो. मारता न येणारा गडी कुणाला हवा असतो? निदान त्याच्या हातात तलवार तरी दे. सोमवारी बघू. नाही जमलं तर वऱ्हाड पुन्हा सुभाच राहू दे, पिवळा रंग तयार आहे."

मी लॅपटॉप मिटला आणि गच्चीवर जाऊन उभी राहिले. खाली रस्त्याने कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. रडू येत होतं आणि त्याहून जास्त चीड येत होती. तलवार दे म्हणे! टपरीवरची माणसं वेगळं काय म्हणत होती?

रविवारी सकाळी मामा आला. आता साठीला टेकलाय, अजूनही दर वेचणीला येतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दुखणं हाल्याले अन् डाग पखालीले! लोकाईले पाणी ओयखता येत नाही, तं पाणीवाल्यालेच काढा?" मग खुर्ची ओढून म्हणाला, "दाखव बरं मले तो गडी."

त्याने आयुष्यात पहिल्यांदा माऊस हातात धरला. पखाली घेऊन तो माझ्या फौजेकडे गेला, पाणी पाजलं. मग नदीपलीकडे शत्रूची तुकडी तहानेने बसली होती, तिकडे निघाला. खेळाने त्याला अडवलं. तो पुन्हा गेला, पुन्हा अडला.

"दुश्मनाले काऊन नाही पाजता येत?"

"मामा, दुश्मन हायत ते. कायले पाजसाल?"

त्याने माऊसवरचा हात काढला. मग जे बोलला ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

"वाळूत होतो आम्ही तवा. चकमक झाली होती. पकडलेले आठ-दहा जण ट्रकमंधी बसवले होते, अन् माही गाडी बाजूले उभी. त्याइचे ओठ फुटले होते वं. एक तं पोरगंच होतं. आपल्या कंपनीचं पाणी भराचं बाकी होतं, अन् मी कोणाले इचारलं नाही. नळ सोडला. साहेबानं आठ दिवस पाठीवर वजन बांधून पळवलं मले. बरोबरच होतं त्याचं. पण नळ मी पुन्हा सोडला असता."

"मंग गावात काऊन नाही सांगतलं?"

"काय सांगू? किती मारले इचारत होते थे. मी म्हणू, दुश्मनाले पाणी पाजून आलो?"

याच माणसाने एखादी थाप मारावी असं मला वाटलं होतं. अकरावीतल्या त्या पोरीच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. आईने स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारली, तेव्हा तिला म्हटलं, तुम्ही बसा, मला काम आहे.

दिवसभर बसून मी काम केलं. विहिरींवर सूचना लिहिली: 'अनोळखी पाणी. आधी चाखा.' विहिरी खाऱ्याच ठेवल्या. पखाली काढला नाही, तलवार दिली नाही. उलट एक नियम वाढवला. पखाली आता कुणालाही पाणी पाजू शकेल, शत्रूलाही. पाणी प्यालेली तुकडी त्या फेरीत लढणार नाही. आणि पखालीवर वार केला तर तो मरेल, पखाल फाटेल, पाणी मातीत जाईल. संध्याकाळी समीरला निरोप पाठवला, 'काढलं काही नाही. वाढवलंय. उद्या तुम्ही स्वतः खेळा, उत्तरेची फौज घ्या.'

सोमवारी अकराला सगळ्या चौकटी भरल्या. मी ठरवून नीट बोलले नाही, जशी बोलते तशी बोलले. समीरने उत्तरेचं मोठं घोडदळ घेतलं, तापीवरून झपाट्याने खाली उतरला आणि हौसेने पूर्णेच्या काठी तळ दिला. सूचना वाचली, हसला, पुढे गेला. तिसऱ्या फेरीला त्याचे घोडे बसायला लागले. तेव्हा मी माझा पखाली नदीपार धाडला. रिकामा हात, मान खाली, हाल्यामागे एकेक पाऊल. समीरने सवयीने त्याच्यावर वार केला.

पखाली पडला. पखाल फाटली. पाणी काळ्या मातीत मुरलं आणि आवाजसुद्धा झाला नाही. पुढच्या दोन फेऱ्यांत समीरची अख्खी फौज त्या ओल्या डागाभोवती बसून संपली. मी एक शिपाई हलवला नव्हता.

समीरने चष्मा काढून पुसला.

"हे अन्यायाचं आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "पण बग नाही."

त्याने चष्मा परत चढवला. मग म्हणाला, "पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं. तीच फौज, तोच काठ, तीच तहान. आमच्यातली मृण्मयी बैठकीची टिपणं घेते. तिने सगळ्यांसमोरच्या यादीतून 'पखाली: काढणे' ही ओळ न विचारता पुसून टाकली, आणि समीरने ते पाहूनही तिला थांबवलं नाही. त्याचा हात माऊसवर होता. पखाली नदीतून वर आला, ओलाकच्च, आणि त्याच्या स्वारांपुढे जाऊन उभा राहिला. या वेळी समीरने वार केला नाही. एकेक स्वार घोड्यावरून उतरला, रांगेत लागला, ओंजळ पुढे करून वाकला. रांग लांब होती. खेळ थांबल्यासारखा झाला.

"किती वेळ लागणार यांना?" समीरने विचारलं.

"पिऊ द्या ना त्याइले," मी म्हटलं. "घाई काऊन करता?"